दोन्ही इंजिनं बंद पडली तर विमानाचं काय होतं?

प्रश्न असा आहे: ‘पुढच्या महिन्यात आईला पहिल्यांदाच विमानाने दिल्लीहून मुंबईला आणायचं आहे. अहमदाबादच्या अपघातापासून तिने एकच धास्ती घेतली आहे, की वर असताना इंजिनं बंद पडली तर विमान दगडासारखं खाली येणार. खरंच तसं होतं का? इंजिनच विमानाला वर धरून ठेवतं ना? आणि ते बंद पडल्यावर पायलटच्या हातात काय उरतं?’

आधी सरळ उत्तर देतो. दगडासारखं येत नाही. विमानाला वर धरतात ते पंख, इंजिन फक्त पुढे ढकलतं. मी बावीस वर्षं एअरबस ए३२० हे दोन इंजिनांचं प्रवासी विमान चालवलं, पण उडायला शिकलो ते इंजिनच नसलेल्या विमानावर, पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये. त्यामुळे तुमच्या आईंचा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. त्याला ‘काही होत नाही हो’ असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

हिशेबच मांडतो. ए३२० पूर्ण भरलं की साधारण ७७ टनांचं होतं. त्याच्या एका इंजिनाचा जास्तीत जास्त जोर सुमारे १२ टन, म्हणजे दोन्हींचा मिळून २४. हा जोर टेकऑफच्या वेळचा, जेव्हा इंजिनं जीव तोडून चाललेली असतात. २४ टनांच्या जोराने ७७ टन वर उचलता येत नाहीत. रॉकेटला वजनापेक्षा जास्त जोर लागतो, कारण ते खरोखरच स्वतःला उचलतं. विमानाचं तसं नाही. ३५ हजार फुटांवर स्थिर उडताना तर आकडे आणखी बोलके होतात. समजा, तेव्हा वजन ६५ टन आहे. हवेचा विरोध त्याच्या साधारण सतराव्या भागाइतका, म्हणजे चार टनांपेक्षा थोडा कमी. दोन्ही इंजिनं मिळून तेवढाच जोर लावत असतात. उरलेलं सगळं काम पंखांचं.

आता ते चार टनही गेले असं धरा. विमान पुढे जाताना हवेचा विरोध सोसतंय आणि मागून ढकलणारं कोणी नाही. सपाट रस्त्यावर हातगाडी ढकलणं सोडलं की ती थांबते, पण तीच गाडी उतारावर असेल तर आपली आपण चालत राहते. विमान हवेत स्वतःसाठी असा उतार तयार करतं. नाक किंचित खाली करायचं आणि दर सतरा मीटर पुढे जाताना एक मीटर उंची खर्च करायची. खंडाळ्याच्या बोरघाटात रेल्वेचा चढ सदतिसास एक आहे. ग्लाइड करणाऱ्या, म्हणजे इंजिनाविना घसरत जाणाऱ्या विमानाचा उतार त्याच्या दुपटीहून थोडाच जास्त तीव्र असतो. आत बसलेल्या माणसाला तो उतार जाणवेलच असं नाही.

उंची हे एक प्रकारचं साठवलेलं इंधन आहे, ही गोष्ट नवीन मुलांना शिकवताना मी नेहमी आकड्यात सांगायचो. ६५ टन वजन ३५ हजार फुटांवर नेलं की त्यात साधारण १९०० युनिट ऊर्जा साठते. आपल्या विजेच्या बिलावर असतात तीच युनिटं. मध्यमवर्गीय घराचं वर्षभराचं बिल म्हणा ना. ही ऊर्जा इंजिन बंद पडल्याने कुठे जात नाही. पायलटला ती नीट, काटकसरीने खर्च करायची असते, बस. प्रत्यक्षात वारा, वळणं आणि सुरक्षिततेसाठी हातचं राखलेलं अंतर धरूनही ३५ हजार फुटांवरून दीडशे किलोमीटरच्या आसपास जाता येतं. वेळ मिळतो पंधरा ते वीस मिनिटं. पुण्याच्या डोक्यावर हे घडलं तर मुंबई सरळ रेषेत १२० किलोमीटरवर आहे आणि पुणे तर पायाखालीच.

तुम्ही विमानातून गेला असाल तर हे तुम्ही स्वतः अनुभवलेलं आहे, फक्त कोणी सांगितलं नाही. दिल्लीहून मुंबईला येणारं विमान गुजरातच्या हद्दीत असतानाच उतरायला लागतं. आम्ही साधा गुणाकार करतो: दर हजार फुटांना तीन सागरी मैल. ३५ हजार फुटांना १०५ सागरी मैल, म्हणजे सुमारे १९५ किलोमीटर. त्या बिंदूला आम्ही टॉप ऑफ डिसेंट म्हणतो. तिथे इंजिनं आयडलवर येतात, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं घुरघुरत असतं तशी. जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलने मध्येच थांबवलं नाही (मुंबईच्या गर्दीत ते बऱ्याचदा थांबवतात) तर विमान पुढचा बराच पल्ला जवळपास घसरतच कापतं. चहाचे कप गोळा होत असतात, कोणाला पत्ताही नसतो.

मग पंख हे कसं करतात? शाळेत सांगतात की पंख वरून फुगीर असतो, वरच्या हवेला जास्त अंतर जावं लागतं, ती खालच्या हवेला पलीकडच्या टोकाला गाठायला म्हणून जोरात पळते. हे चूक आहे. वरच्या हवेने खालच्या हवेला गाठलंच पाहिजे असा कुठलाही नियम नाही. उलट ती तिच्या आधीच मागच्या कडेला पोचते. शिवाय हे खरं असतं तर विमान उलटं होऊन उडूच शकलं नसतं, आणि हवाई कसरती करणारी विमानं ते रोज करतात. खरी गोष्ट अशी की पंख समोरून येणाऱ्या हवेला किंचित तिरका धरलेला असतो. त्याच्या आकारामुळे आणि तिरकेपणामुळे हवेचा प्रवाह वाकून खाली फेकला जातो. हवा खाली जाते, तिची उलट प्रतिक्रिया म्हणून पंख वर ढकलला जातो. हेच दाबाच्या भाषेत सांगायचं तर पंखाच्या वर दाब कमी, खाली जास्त. ए३२० च्या पंखांचं क्षेत्रफळ साधारण १२२ चौरस मीटर. ६५ टन त्यावर वाटले तर चौरस मीटरला सव्वापाचशे-साडेपाचशे किलो येतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब चौरस मीटरला दहा टनांहून जास्त असतो. म्हणजे वर-खाली त्याच्या विसाव्या भागाइतका फरक पाडला की एवढं मोठं विमान हवेत राहतं. मला स्वतःला हा आकडा अजूनही थक्क करतो.

पंखाची यासाठी एकच अट असते: हवा त्याच्यावरून पुरेशा वेगाने आणि योग्य कोनात वाहत राहिली पाहिजे. ती इंजिनामुळे वाहते की उताराला लागल्यामुळे, याच्याशी पंखाला देणंघेणं नसतं. कोन फार वाढला, ढोबळमानाने पंधरा अंशांच्या पुढे गेला, की वरचा प्रवाह पंखाला चिकटून राहत नाही, फाटतो. यालाच स्टॉल म्हणतात. ‘विमान स्टॉल झालं’ असं बातम्यांत येतं तेव्हा लोकांना वाटतं की स्कूटरसारखं इंजिन बंद पडलं. इंजिन व्यवस्थित चालू असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो, आणि दोन्ही इंजिनं मेलेली असताना तो पूर्ण शाबूत राहू शकतो.

इथे मला हडपसरबद्दल सांगायलाच हवं, कारण पायलटच्या हातात काय उरतं याचं उत्तर मला तिथे मिळालं.

ग्लायडरला विंचने ओढतात. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच, तिथून लांबलचक तार, तिचं टोक ग्लायडरच्या पोटाशी अडकवलेलं. विंच तार गुंडाळू लागली की ग्लायडर पळतो आणि क्षणात नाक आभाळाकडे करून पतंगासारखा चढतो. पुढे फक्त आभाळ दिसतं. हजार फुटांच्या आसपास तार सोडायची आणि मग तुम्ही एकटे, वाऱ्याच्या सळसळीसोबत. माझी दहावी-बारावी फेरी असेल. मागच्या सीटवर बसलेल्या सरांनी चढता चढता, काहीही न सांगता तार सोडून दिली. ‘टक्’ असा आवाज आला आणि ओढ संपली. नाक अजून आभाळात, वेग झपाट्याने उतरतोय. जमीन जवळ आहे हे कळत होतं आणि अंगातलं सगळं भय एकच सांगत होतं: स्टिक ओढ, नाक वर ठेव. सर मागून एवढंच म्हणाले, ‘नाक खाली. आधी नाक खाली.’ मी स्टिक पुढे ढकलली. समोर जमीनच जमीन आली, पोटात खड्डा पडला आणि दोन सेकंदांत वेगाचा काटा वर आला. ग्लायडर पुन्हा ग्लायडर झाला.

वर ओढून विमान वर जात नाही, वेग असेल तरच जातं. वेग नसताना ओढलं तर कोन वाढतो, पंख स्टॉल होतो आणि मग मात्र विमान खरंच पडतं. जमीन जवळ असताना नाक जमिनीकडे करणं हे माणसाच्या स्वभावाच्या उलट आहे. ते केवळ सरावाने अंगात मुरतं. पुढे ए३२० च्या सिम्युलेटरमध्ये दोन्ही इंजिनं बंद करून परीक्षा घेतात, तेव्हाही हाताने पहिलं काम तेच करायचं असतं. हडपसरला दुपारी उन्हाने तापलेल्या जमिनीवरून हवेचे गरम स्तंभ उठायचे, त्यांना आम्ही थर्मल म्हणतो. त्यात घारी पंख न हलवता गोल गोल चढत जायच्या. आम्ही त्यांच्या मागे जाऊन तोच स्तंभ धरायचो. घारीला इंजिन कुठे असतं?

मोठ्या विमानात हाच खेळ वेगळ्या आकड्यांनी खेळतात. ए३२० च्या वेगाच्या पट्टीवर एक हिरवा ठिपका दिसतो. त्या वेगाने गेलं तर सगळ्यात लांब जाता येतं. ६५ टनांना तो ताशी ४०० किलोमीटरच्या जरा वर असतो. पण वर असताना आम्ही सहसा त्याहून जास्त वेग धरतो. इंजिनात समोरून हवा जोरात घुसली की पंखा आणि आतली चक्रं वाऱ्यावर फिरत राहतात आणि त्या फिरण्यावर इंजिन पुन्हा पेटवता येतं. इंजिन पेटण्याची आशा धरून थोडं अंतर गमावायचं, की अंतर वाचवायचं? हा निर्णय कॅप्टनचा, आणि तो उंची, हवामान आणि जवळच्या धावपट्टीवर ठरतो. दरम्यान एकाने फक्त विमान उडवायचं आणि दुसऱ्याने चेकलिस्ट वाचायची. दोघांनी मिळून इंजिनाकडे बघत बसायचं नाही. हे काटेकोर पाळावं लागतं.

आता इंजिनाच्या दुसऱ्या कामांबद्दल. प्रवाशांना याची कल्पना नसते, आणि खरी काळजी मला इथे वाटते. जोराखेरीज इंजिन तीन गोष्टी पुरवतं: वीज, हायड्रॉलिक म्हणजे तेलाचा दाब आणि केबिनमधल्या श्वासाची हवा. पंखाच्या कडेचे आणि शेपटीचे जे पृष्ठभाग हलवून आम्ही विमान वळवतो, ते ए३२० मध्ये ३००० पीएसआय (दर चौरस इंचाला ३००० पौंड) दाबाच्या तेलाने हलतात. दोन्ही इंजिनं गेली तर हा दाब आणि मुख्य वीज दोन्ही जातात. म्हणून विमानाच्या पोटाखाली एक छोटा पंखा मिटून ठेवलेला असतो, रॅम एअर टर्बाइन, आम्ही त्याला रॅट म्हणतो. वीज गेली की तो आपोआप बाहेर पडतो आणि समोरच्या वाऱ्याने गरगर फिरू लागतो. शेतातल्या पवनचक्कीसारखाच, फक्त वारा ताशी शेकडो किलोमीटरचा. त्यावर एक हायड्रॉलिक पंप आणि एक लहान जनरेटर चालतो. तो फिरायला लागेपर्यंतचे काही सेकंद बॅटरी सांभाळते. दिवे जातात, बरेचसे पडदे काळे होतात, पण कॅप्टनसमोर वेग, उंची आणि नाकाची दिशा दिसत राहते आणि विमान हाताला ऐकतं. याशिवाय शेपटीत एक छोटं टर्बाइन असतं, एपीयू. त्याला इंधन मिळत असेल तर तेही वीज देऊ शकतं.

हे सगळं कागदावरचं नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं बोइंग ७६७ विमान ४१ हजार फुटांवर असताना इंधनाअभावी बंद पडलं. कॅनडात तेव्हा पौंडांकडून किलोंकडे बदल चालू होता. २२,३०० किलो इंधन हवं होतं, गुणाकारात पौंडांचा आकडा वापरला गेला आणि विमान निम्म्याहून कमी इंधनावर निघालं. कॅप्टन बॉब पियर्सन फावल्या वेळात ग्लायडर उडवणारे होते. गिमली इथल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीपाशी पोचले तेव्हा उंची जास्त झाली होती. इंजिन नसताना परत फेरी मारायची सोय नाही, आणि तेलाचा दाब अपुरा असल्याने फ्लॅपही (उतरताना वेग कमी करायला पंखातून बाहेर काढतात त्या झडपा) नाहीत. त्यांनी ग्लायडरवाल्यांचीच युक्ती केली. सुकाणू एका बाजूला आणि पंख दुसऱ्या बाजूला झुकवून विमान हवेत आडवं घसरवलं, म्हणजे विरोध वाढून उंची लवकर कमी होते. एका जंबोच्या निम्म्या आकाराचं विमान असं घसरवायचं! विमानातले सगळे ६९ जण वाचले.

२४ ऑगस्ट २००१ ला एअर ट्रान्सॅटचं ए३३० अटलांटिकवर असताना इंधन गळून दोन्ही इंजिनं थांबली. ते सुमारे १२० किलोमीटर, १९ मिनिटं घसरत अझोर्स बेटांवर उतरलं. ३०६ जण होते, सगळे जिवंत. २४ जून १९८२ चं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ तर लंडनहून निघून आपल्या मुंबईला थांबून पुढे गेलेलं होतं. जावाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत रात्री त्याची चारही इंजिनं बंद पडली. राखेचा ढग रडारवर दिसतच नाही. ३७ हजार फुटांवरून ते घसरत आलं. राखेतून बाहेर पडल्यावर, उंची तेरा-साडेतेरा हजार फुटांवर आली असताना इंजिनं पुन्हा पेटू लागली आणि ते जाकार्ताला उतरलं. न्यूयॉर्कच्या हडसन नदीतलं १५ जानेवारी २००९ चं उतरणं सर्वांना माहीत आहे. तिथे मुद्दा उंचीचा होता. रानहंसांच्या थव्यात इंजिनं गेली तेव्हा उंची होती जेमतेम २८०० फूट, हातात साडेतीन मिनिटं. कॅप्टन सलेनबर्गरनी लगेच एपीयू चालू केलं, त्यामुळे पंख स्टॉल होऊ न देणारं संगणकाचं संरक्षण शाबूत राहिलं. १५५ जण वाचले. त्यांच्याकडेही ग्लायडरचा परवाना होता.

आणि अहमदाबाद. त्याला बगल देऊन तुमच्या आईंना उत्तर देणं प्रामाणिक होणार नाही. १२ जून २०२५ ला लंडनला निघालेलं बोइंग ७८७ टेकऑफनंतर काही क्षणांतच कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी एकच जण वाचला, जमिनीवरचेही लोक गेले. जुलैमध्ये आलेल्या प्राथमिक अहवालात नोंदलं आहे की जमीन सोडल्यावर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच साधारण एका सेकंदाच्या अंतराने ‘रन’वरून (चालू) ‘कटऑफ’वर (बंद) गेले, रॅट बाहेर आला, स्विच पुन्हा ‘रन’वर आले आणि इंजिनं पेटण्याची प्रक्रियाही सुरू झाली होती. पण वेळ उरला नव्हता. स्विच का हलले यावर मी तर्क करणार नाही. मी या पेशातला आहे म्हणूनच नाही करणार. मी वर जे लिहिलं त्याच्या चौकटीत मात्र एवढं सांगता येतं, की त्या विमानाकडे खर्च करायला उंचीच नव्हती. ग्लायडरची तार शंभर फुटांवर तुटली तर समोर जे मैदान आहे तिथेच उतरायचं असतं, मागे वळायचं नाही. वळण्यात उंची जाते आणि ती नसतेच. मोठ्या विमानालाही तोच नियम लागू, फक्त शहराच्या कडेला समोर मैदान नसतं. म्हणून टेकऑफनंतरची पहिली काही मिनिटं आम्ही कॉकपिटमध्ये अवांतर एक शब्द बोलत नाही. एक इंजिन गेलं तर दुसऱ्याच्या जोरावर चढत राहता येईल, एवढी ताकद प्रत्येक टेकऑफच्या हिशेबात धरलेली असते आणि त्याचा सराव आम्ही दर सहा महिन्यांनी करतो. दोन्ही एकदम, तेही जमिनीलगत, ही अत्यंत दुर्मीळ आणि सगळ्यात कठीण परिस्थिती आहे. आईंना हे लपवू नका, पण वर ३५ हजार फुटांवरची भीती मात्र काढून टाका. तिथे विमानाकडे वेळ आणि अंतर दोन्ही भरपूर असतं.

प्रवासात त्यांना पंखाच्या थोडं मागची, खिडकीची जागा द्या. टेकऑफनंतर मिनिट-दीड मिनिटाने आवाज थोडा उतरेल. तेव्हा त्या तुमचा हात घट्ट धरतील, कारण शरीराला विमान खाली बसल्यासारखं वाटतं. त्यांना सांगा की जोर टेकऑफवरून चढण्यापुरता कमी केला आहे, विमान चढतंच आहे. मग गुजरातवर कुठेतरी, मुंबईच्या अर्धा तास आधी, आवाज एकदम मऊ होईल. त्या वेळी त्यांना खिडकीतून पंखाकडे बघायला सांगा. पंख तसाच, जरासा वर वाकलेला दिसेल. एवढं सगळं वजन तेव्हा त्यानेच पेललेलं असतं.